उत्तराचा तास

३ एप्रिल

प्रिय शाई,

तुझं पत्र आलं तेव्हा बाहेरच्या खोलीत माणसं बसली होती. एकाच्या न्हाणीघरात गटाराचं पाणी तुंबलेलं, एकीच्या दारासमोर शेजाऱ्याची गाडी. मी पाकीट उशीखाली सरकवलं आणि सगळी जाईपर्यंत ‘गॅस बंद केलाय का बघून येते’ म्हणत दोनदा आत जाऊन त्याला हात लावून आले. शाळेत आपण भूगोलाच्या पुस्तकात गोष्टीचं पुस्तक लपवून वाचायचो ना, तसं वाटलं. साठी आली, पण चोरून वाचण्यातली गोडी काही गेली नाही.

तू विचारतेस, नगरसेविका झाल्यावर कसं वाटतं. पहिल्या वर्षी विचारलं असतंस तर पानंच्या पानं लिहिली असती. आता एवढंच सांगते की माझ्या घराला दार राहिलेलं नाही, नुसती चौकट आहे. परवा एक गृहस्थ मी दात घासत असताना समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, चालू द्या, मी बोलतो, तुम्ही ऐका.

आपल्या शाळेतला शनिवारचा तास आठवतो? मॉनिटरला वर्गासमोर उभं करायचे आणि मुली प्रश्न विचारायच्या. खिडकीची काच कोणी फोडली, पाण्याची टाकी का धुतली नाही. सगळ्या बसलेल्या आणि ती एकटी उभी. शेवटचा प्रश्न संपेपर्यंत बसायचं नाही, ‘बघते’ म्हणायचं नाही आणि खोटं तर मुळीच नाही. सिस्टर म्हणायच्या, जिच्यावर काम सोपवलं तिने उभं राहायचं. निवडून आल्यावर मी तेच वॉर्डात सुरू केलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सभागृहात लोक खुर्च्यांवर आणि मी उभी. नावही तेच ठेवलं, उत्तराचा तास. बाकीचे नगरसेवक म्हणाले, बाई, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. पण लोकांना आवडलं, आणि खरं सांगू का, मलाही आवडायचं.

आता तिथे एकच विषय असतो. पायऱ्या. वरचा रस्ता आणि आपली खालची आळी यांच्यामधली ती उंच दगडी भिंत, आणि तिला धरून उतरणाऱ्या पायऱ्या, ज्यांवरून आपण दोघी दप्तरं आपटत शाळेत यायचो-जायचो. मागच्या हिवाळ्यात भिंतीच्या आतली पाण्याची जुनी वाहिनी फुटली, माती धुपली आणि भिंतीला पोट आलं. पालिकेचा इंजिनियर तरुण आहे, बोलताना सारखा शर्टाची बाही खाली ओढतो. तो म्हणाला, एखादं माणूस गेलं तर काही होणार नाही, पण गर्दी झाली, शाळा सुटल्यावर होते तशी, तर मी सांगू शकत नाही. मी त्याच दिवशी पायऱ्या बंद केल्या. वर आणि खाली पत्रे ठोकले. दुरुस्तीचा प्रस्ताव तेव्हापासून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय आणि खालची सगळी माणसं मोठ्या रस्त्याने, पुलाखालून वळसा घालून वर येतात. म्हातारी येता येता दोनदा बसतात.

तुझे दादा दर वेळी पहिल्या रांगेत. शाळेतून निवृत्त झाले तरी ड्रिलमास्तरांसारखं ताठ बसणं गेलेलं नाही. ते विचारतात, पायऱ्या केव्हा उघडणार? मी म्हणते, भिंत दुरुस्त झाल्यावर. भिंत केव्हा? माहीत नाही. लोक हसतात. मी उभी.

आता एक गोष्ट फक्त तुला सांगते. आई अजून खालीच असते. वर माझ्याकडे ये म्हटलं की ‘माझं घर काय पडलंय का’ म्हणते. तिच्याकडची बाई संध्याकाळी जाते. मग तिला खुर्चीतून उचलून अंथरुणावर घ्यायला, कुशीवर वळवायला मलाच जावं लागतं. दारातली माणसं उठेपर्यंत दिवेलागण होते. मोठ्या रस्त्याने गेले तर तेवढा वेळ ती खुर्चीत वाकडी होऊन बसून राहते. खालच्या पत्र्याचा एक कोपरा सैल आहे आणि वरच्याचाही. तिथून मी आत शिरते आणि उतरते. रोज. कठड्याच्या बाजूने, भिंतीपासून लांब. एका माणसाने काही होत नाही असं इंजिनियरच म्हणालाय, हे स्वतःला बजावत. तरी पत्रा मागे ओढून घेताना रस्त्यावर कोणी नाही ना ते दोनदा बघते.

कोणाजवळ बोलू नकोस.

तुझी
खडू


१४ एप्रिल

प्रिय खडू,

नगरसेविकाबाई पत्र्यातून वाकून आत शिरतायत हे चित्र डोळ्यांसमोर आणून मी एकटीच हसत बसले. लोका सांगे ब्रह्मज्ञान. शाळेच्या मागच्या कुंपणातून तूच पहिली शिरायचीस आणि तुझाच गणवेश तारेत अडकायचा, ते विसरले नाहीये मी. आईसाठी जातेस, दरोडा घालायला नाही. मनाला लावून घेऊ नकोस.

मागे तू फोन कर म्हणाली होतीस, पण इथे फोन म्हणजे बैठकीतल्या टेबलावर स्पीकर लावून. सून म्हणते, आई, मलाही ऐकू दे ना. प्रेमाने म्हणते, त्यात खोट नाही. पण तुझ्याशी जे बोलायचं ते सोफ्यावर बसून कसं बोलणार? म्हणून पत्रं. टपालाच्या पेटीपर्यंत जाते तेवढंच माझं बाहेर जाणं. गेल्या आठवड्यात लिफ्ट बंद होती तर तेही नाही. खिडकीतून खाली पाहिलं की माणसं मुंग्यांएवढी दिसतात, हाक मारावी असं एकही डोकं नाही.

बाकी सगळे चांगले आहेत. नातवाच्या अभ्यासाच्या खोलीत माझी खाट आहे. तो अभ्यासाला बसला की मी स्वयंपाकघरात जाते, सून स्वयंपाकघरात आली की गॅलरीत जाते, आणि गॅलरीत मुलगा फोनवर बोलत असला तर पुन्हा खोलीत. दिवसाकाठी बरंच चालणं होतं, डॉक्टर खूश आहेत.

दादाचं मनावर घेऊ नकोस. त्याला प्रश्न विचारायची खोडच आहे. लहानपणी जेवताना बाबांना विचारायचा, आज भात का कमी? तो तुझ्यावर रागावलेला नाही, त्याच्या गुडघ्यांवर रागावलेला आहे.

पण खडू, उन्हाळा संपेपर्यंत तरी उघडतील का गं पायऱ्या? थोडे टेकू वगैरे लावून? मला तो वळसा काही जमायचा नाही. म्हणजे, कधी आले तर.

तुझी
शाई


३० एप्रिल

प्रिय शाई,

काल उत्तराचा तास झाला. जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

सभागृह भरलं होतं. मागे माणसं भिंतीला टेकून उभी होती. मी पाण्याच्या वेळा सांगितल्या, दिव्यांचं सांगितलं. मग तुझे दादा उठले. दर वेळी बसूनच विचारतात, काल उठले. मला लहानपणी खडू म्हणायचे, गेली चार वर्षं चारचौघांत ताई म्हणतात. काल म्हणाले, “नगरसेविकाबाई, हो की नाही एवढंच सांगा. तुम्ही स्वतः त्या पायऱ्यांनी उतरता की नाही?”

नाही म्हणणं काही अवघड नव्हतं. मला कोणी पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर तासाभरात आळीभर झालं असतं. पण ज्या जागी मी उभी होते तिथे उभं राहून नाही म्हणणं मला जमेना. मी म्हटलं, उतरते. केव्हा, त्यांनी विचारलं. रोज, मी म्हटलं, आईकडे जायला.

आता लोक मला फाडून खाणार अशी माझी खात्री होती. त्याची तयारीही केली, मान खाली घातली. आणि शाई, मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. कोपऱ्यावरचा शिंपी उठून म्हणाला, म्हणजे भिंत भक्कम आहे, ताई स्वतः रोज उतरतायत आणि त्यांना काही झालं नाही. एक बाई म्हणाली, ताई खोटं बोलत नाहीत, म्हणजे इंजिनियर खोटा. मी ओरडून सांगत होते, एकटं माणूस वेगळं आणि गर्दी वेगळी, एक दिवस काही झालं नाही म्हणजे कधीच होणार नाही असं नसतं. कोणी ऐकेना. मी खरं बोलले आणि त्यातलं हवं तेवढं उचलून ते निघालेसुद्धा.

दहा मिनिटांत पत्रे उखडले गेल्याचा आवाज आला. खालून वर, वरून खाली हाका सुरू झाल्या. दोघी-तिघी धावत आल्या, ताई चला, पहिल्यांदा तुम्ही उतरा म्हणून. मी गेले नाही. शेवटचा प्रश्न झाला की नाही ते मला कळलंच नव्हतं, म्हणून मी तशीच उभी होते. शेवटी सभागृहाचा रखवालदार किल्ल्या घेऊन आला आणि म्हणाला, “बाई, बसा आता, कोणी नाहीये.”

मी ही गोष्ट एकाच माणसाला सांगितली होती.

खडू


१९ मे

प्रिय खडू,

उत्तर लिहायला उशीर झाला. मध्ये नातवाला ताप होता, मग मला.

तू शेवटी जे लिहिलंयस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. आळीत भिंतींना कान असतात हे तुला मी सांगायला नको. तुझ्या आईकडच्या बाईने पाहिलं असेल. दादा संध्याकाळी कठड्याशी उभा असतो, त्यानेच पाहिलं असेल. आमचं फोनवर काय बोलणं होतं? तब्येत, औषधं, हवा. तेही सून शेजारी बसलेली असताना.

आणि झालं ते वाईट झालं असं का धरून बसलीस? तुझ्यावर चिखल उडाला नाही, टाळ्या पडल्या. आळीला पायऱ्या मिळाल्या. तुला पत्र्यातून वाकून जायला नको. इतके दिवस माणसं चढतायत-उतरतायत, भिंत आहे तिथेच आहे ना? इंजिनियर लोक स्वतःला वाचवून बोलतात. माझ्या मुलाच्या इमारतीला पण एकाने तडे दाखवले होते, रंग दिला, संपलं.

आता जरा स्वस्थ राहा. आईला माझा नमस्कार सांग. तिच्या हातचं काही खाऊन किती वर्षं झाली.

तुझी
शाई


२७ मे

प्रिय शाई,

माझ्या झोपायच्या खोलीच्या खिडकीतून पायऱ्यांचं वरचं टोक दिसतं, हे तुला ठाऊक आहे. पूर्वी मला त्याचं कौतुक होतं. आता मी त्या खिडकीशी बसून माणसं मोजते, म्हणजे मोजायला सुरुवात करते आणि घाबरून सोडून देते. सकाळी कामाला जाणारी एकामागून एक वर येतात. भाजीवाल्या टोपल्या भिंतीलाच टेकवून दम खातात. खिडकीतून ओरडावंसं वाटतं, तिथे नको, पुढे हो. एकदा ओरडलेही. त्या बाईने वर बघून हसून हात हलवला.

पत्रे मी दोनदा परत ठोकून घेतले. दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत गेले. पोलिसांकडे गेले तर तिथला अधिकारी म्हणाला, बाई, तुम्हीच उतरत होतात म्हणे. पालिकेत वरच्या साहेबांनी चहा पाजला आणि निवडणुकीनंतर टेकूंचं काम नक्की घेऊ म्हणून सांगितलं. आमचे पक्षाचे अध्यक्ष तर खूश आहेत. म्हणाले, लोकांनी लोकांचं काम केलं, तुम्ही फक्त आडव्या येऊ नका.

मी मोठ्या रस्त्याने जाते आता. ते तर सगळ्यांत हास्यास्पद झालंय. सगळी आळी पायऱ्यांवर आणि नगरसेविका पुलाखालून घाम पुसत येतेय. शिंपी विचारतो, काय ताई, व्यायाम का? आई खुर्चीत वाट बघून पेंगलेली असते. तिलाही कळलंय पायऱ्या उघडल्याचं. म्हणते, सगळं जग उतरतंय, तुला कसला एवढा तोरा?

शाळा पंधरा जूनला उघडते. आपल्या वेळी घंटा झाली की कशा धावायचो ते आठव. सगळ्या एकदम, ढकलाढकली करत. आणि भिंतीकडच्या बाजूने, कारण तिकडे सावली. तेवढा एकच विचार माझ्या डोक्यात आहे. झोपले तरी तोच, लोकांच्या तक्रारी ऐकतानाही तोच.

इंजिनियर काल घरी आला होता. त्याने पुन्हा ओळंबा लावून पाहिला. पोट वाढलंय. म्हणाला, टेकूला वेळ लागणार, पत्रा राहत नाही, पहारा कोणी देत नाही. राहता राहिला एकच मार्ग, वरचा टप्पा फोडून टाकायचा. पायरीच नसली तर पाय कुठे ठेवणार? ते माझ्या वॉर्डाच्या निधीतून होतं, माझी एक सही लागते. पुन्हा बांधायला मात्र किती वर्षं लागतील ते त्यालाही सांगता येईना.

मी अजून सही केलेली नाही. केली तर आळी मला कधी माफ करणार नाही, आणि आईचा जो उरलासुरला काळ आहे तो मी रस्त्यावर चालण्यात घालवणार. नाही केली तर मी शाळेच्या घंटेची वाट बघत खिडकीत बसणार. सल्ला मागत नाहीये. कोणाला तरी सांगावं म्हणून सांगितलं.

मागच्या पत्रात तू आईला नमस्कार लिहिलास, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं नाहीस.

खडू


६ जून

प्रिय खडू,

मीच सांगितलं दादाला.

तोंडातून निसटलं असं लिहिणार होते. चार वेळा तसं लिहून फाडलं. पण निसटलं नव्हतं. सून बाजारात गेली होती, मी मुद्दाम तेव्हा फोन लावला. दादाला म्हटलं, ती स्वतः उतरते, तू उत्तराच्या तासाला विचार, ती नाही म्हणायची नाही, आणि एकदा ती हो म्हणाली की पायऱ्या उघडल्याच समज. तुझा स्वभाव मला पाठ आहे आणि त्याचाच मी उपयोग करून घेतला. तुला खाली बघायला लावावं असं माझ्या मनात नव्हतं. पण तुझं काय होईल याचा मी विचारही केला नाही, हे जास्त खरं.

का केलं ते सांगते. मला इथून निघायचंय. इथे मला कोणी वाईट वागवत नाही, म्हणून तर निघता येत नाही. भांडण झालं असतं तर बॅग भरली असती. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकते आणि सगळे म्हणतात, आईंचा काही त्रास नाही. हे वाक्य ऐकलं की मला गुदमरायला होतं. मी ठरवलं होतं, पायऱ्या उघडल्या की दादाकडे जायचं. त्याच्या मागच्या खोलीत राहायचं. सकाळी हळूहळू चढून तुझ्याकडे चहाला यायचं, तुझ्या दारातली माणसं उठेपर्यंत बसायचं, आणि उतरताना तुझ्या आईशी दोन शब्द बोलून घरी. दादाला अजून विचारलेलं नाही. आधी पायऱ्या होऊ देत म्हटलं. माझं हृदय आता कसं आहे ते मी तुला कधी लिहिलं नाही. तो वळसा मला खरंच जमणार नाही.

खडू, पाडू नकोस. हे मागायला मला तोंड नाही, तरी मागते. शाळेच्या वेळेपुरता पहारा बसव, तू स्वतः उभी राहा, काहीही कर. एकदा पाडल्या की माझ्या हयातीत होणार नाहीत, आणि मग मी इथेच.

शाई


२५ जून

प्रिय शाई,

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सही केली. तुझ्यावर राग होता म्हणून नाही. राग होता, पण तो पत्र वाचता वाचताच ओसरला. तू लिहिलंयस, सकाळी हळूहळू चढून येईन, हृदय ठीक नाही, म्हणजे दम खात येणार. दम खायला तू कुठे टेकशील तेच मला दिसत राहिलं.

इंजिनियर म्हणाला, पहाटे उरकून टाकू, कोणी उठायच्या आत. मी म्हटलं, नाही, उजेडात आणि सगळ्यांसमोर. आदल्या दिवशी घरोघरी जाऊन सांगितलं. काहींनी दार लावून घेतलं. शिंपी म्हणाला, पुढच्या वेळी मतं मागायलाही याच वळशाने या.

कामगार हातोडे घेऊन आले तेव्हा वर रस्त्यावर आणि खाली आळीत माणसं गोळा झाली होती, आणि वरच्या टप्प्याच्या मधोमध तुझे दादा बसले होते. पांढरा शर्ट, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. पालिकेचा अधिकारी म्हणाला, पोलीस बोलावतो. मी त्याला थांबवलं आणि उतरून त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, दादा, उठा. म्हणाले, उठणार नाही. मग मी त्यांच्या शेजारी बसले. मला दुसरं काही सुचलंच नाही. लोकांसमोर एवढी वर्षं उभी राहिले, पण बसले ती पहिल्यांदाच.

बराच वेळ आम्ही दोघं तसेच. तिथून आळीची सगळी छपरं दिसतात, तुमचं, आमचं, मागची ती वाळत घातलेली अंथरुणं. मग ते हळूच, माझ्याकडे न बघता म्हणाले, “खडू, ऊठ बघू. दोघांचं वजन नको इथे.”

म्हणाले आणि थांबले. आपण काय बोललो ते त्यांना माझ्याआधी कळलं. मी मान वळवली नाही. वळवली असती तर त्यांना पुन्हा अडून बसावं लागलं असतं. थोड्या वेळाने गुडघ्यांवर हात रोवून ते उठले आणि खाली उतरून गेले. कठड्याच्या बाजूने गेले, भिंतीपासून जितकं लांब जाता येईल तितकं. त्यांनी लोकांना काही सांगितलं नाही, आणि मीही नाही. दुपारपर्यंत टप्पा गेला. दगड फुटताना काही बायका रडत होत्या. मला वाटलं होतं मीही रडेन.

तेव्हापासून माझ्या बाहेरच्या खोलीत कोणी येत नाही. चार वर्षं जी शांतता मागत होते ती आली आणि आता ती घरात मावत नाही. पक्षाने कळवलंय, पुढच्या वेळी दुसरं कोणीतरी. कालच्या उत्तराच्या तासाला मोजकी माणसं होती आणि प्रश्न एकच. ताई, भिंत कशी आहे? मी म्हटलं, उभी आहे. ते हसले आणि घरी गेले.

कारण ती उभीच आहे, शाई. तसंच पोट काढून. अंगावर कोणी नाही, म्हणून ती पडत नाही, असं इंजिनियर म्हणतो. लोक म्हणतात, ती पडणारच नव्हती. दोघांपैकी खरं कोण ते आता कधीच कळायचं नाही. शाळा पंधराला उघडली. मुलं मोठ्या रस्त्याने, पुलाखालून, दप्तरं आपटत गेली आणि घरी पोचली. त्यातल्या एकालाही वाटलं नसेल की आज आपण वाचलो. माझ्याकडे बघून नाक मुरडतात.

तुझ्या दादांना मी तुझं काहीच सांगितलं नव्हतं. परवा पुलाखाली भेटले, माझ्या पुढे चालत होते. न थांबताच म्हणाले, शाईचं पत्र आलं, तिला म्हणे इकडे यायचंय. मी म्हटलं, हो. पुष्कळ पुढे गेल्यावर म्हणाले, पुलापर्यंत गाडी येते. एवढंच. पुलापासून आळीपर्यंतचा चढउतार तू पाहिला आहेस, मी काही खोटी आशा लावत नाही. माझ्या घरी मात्र गाडी दारापर्यंत येते. आलीस तर खिडकीतून माहेरचं छप्पर दिसेल. जाता येणार नाही.

आईला मी सगळं सांगितलं. आधी ती पायऱ्या पाडणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती, म्हणून सांगावंच लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, भिंत पडली असती तर तू खरी ठरली असतीस? मी म्हटलं, हो, पण मग माणसं असती ना पायऱ्यांवर. तिने पुन्हा विचारलं, आणि आता पडली तर? आता खाली कोणी नाही, मी म्हटलं, आता पडली तर फक्त दगड पडतील.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी वळसा घालून पोचते तेव्हा ती खुर्चीत जागी असते. मी तिच्या काखेत हात घालून तिला उचलते, अंथरुणावर ठेवते, कुशीवर वळवते. भिंतीकडे तोंड झालं की ती विचारते, “आज पडली का गं?”

नाही आई, मी म्हणते.

माझा हात थोपटत ती म्हणते, पडेल हो, पडेल. शाळेत निकाल लागायच्या आदल्या दिवशी ‘होशील हो पास, होशील’ म्हणायची ना, तशी.

तुझी
खडू